दिराच्या पाठीतली काच

आमच्या गल्लीत चिमटामावशीबद्दल सांगतात ती गोष्ट अशी: तिने सख्ख्या दिराला काचेचा भुगा करून चारला आणि तो रक्त ओकत दुकानातच आडवा झाला.

सलूनवाले काका ही गोष्ट कात्रीच्या तालावर सांगतात. "चारला. कचकच. वाटीतून. कचकच. हलू नका हो, कान हातात येईल." बेकरीवाली काकू आवाज इतका खाली आणते की वाक्याचं शेपूट पिठाच्या पोत्यात पडतं: "अगं, चमच्याने भरवला म्हणे, वर हसत विचारलं, आणखी वाढू का..." आणि टपालवाल्याला कुठल्याच दारात थांबायला वेळ नसतो, म्हणून तो सायकलवरूनच ओरडतो: "काच! दीर! खलास!"

तिघांचे आवाज मी हुबेहूब काढते. म्हणून काही गोष्ट खरी होत नाही.

दीर जिवंत आहे. खातोपितो, भांडतो, अंगाने सुटलाय. काच त्याच्या पोटात गेली नाही, पाठीत गेली. आणि ती मावशीने घातली नाही, मावशीने ती काढली. जाताना इतकी दुखली नाही जितकी निघताना दुखली, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि तेव्हा तो जे ओरडत होता त्यावरून तरी ते खरं वाटलं.

आमचं इस्त्रीचं दुकान आणि मावशीचं दुकान यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत आहे, आणि फळ्यांना बोट जाईल एवढ्या फटी. आई इस्त्री फिरवते, मी घड्या घालते. हात शर्टावर, कान भिंतीवर. त्यामुळे पुढचं सगळं एक तर मी ऐकलंय, नाही तर डोळ्यांनी पाहिलंय.

मावशीच्या दुकानात दोनच गोष्टी मिळतात. एक, नाताळच्या झाडावर टांगायची जुनी काचेची सजावट. दोन, अंबराचे दागिने. जुनी सजावट म्हणजे हल्लीचे प्लॅस्टिकचे चेंडू नव्हेत. ही तोंडाने फुंकलेली काच, अंड्याच्या टरफलाहून पातळ, आतून चांदीचं पाणी फिरवलेलं. पक्षी, मासे, छोटी घरं, द्राक्षांचे घोस, पाइनच्या झाडाची बोंडं. कोणाच्या तरी आजीच्या खोक्यात, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. नाताळ जवळ आला की लोक खोकं उघडतात आणि आत निम्म्यांची मान मोडलेली असते, शेपट्या झडलेल्या असतात, पत्र्याच्या टोप्या निखळलेल्या असतात. मग ते खोकं छातीशी धरून मावशीकडे येतात, अपघातातलं माणूस आणावं तसे.

मावशी लांब पोलादी चिमट्याने टोपी बसवते, काचेच्या केसांची नवी शेपटी चिकटवते, भोक बुजवते. चिमटा तिच्या हातातून फक्त जेवताना सुटतो. एकदा जेवतानाही सुटला नव्हता.

वस्तू परत देताना ती प्रवचन करते. ते गिऱ्हाइकाला फुकट, आणि नको असलं तरी मिळतं.

"पक्षी का टांगतात, सांगा बघू?"

"शांतीसाठी?" गिऱ्हाईक बिचारं विचारतं.

"शांती डोंबलाची! पक्षी म्हणजे घर सोडून गेलेला माणूस परत यावा म्हणून. आणि त्याच्या पायाला हा स्प्रिंगचा चिमटा कशाला? आला की पुन्हा उडू नये म्हणून. तंगडी पकडून ठेवायची."

"आणि हे बोंड?"

"झाड मुळापासून तोडून दिवाणखान्यात आणलंत ना? मग त्याची पोरं कशी दिसायची एवढं तरी त्याला दिसू दे मरताना."

गोल चेंडूंबद्दल ती म्हणते की पूर्वी तिथे खरी फळं टांगायचे, पण फळ सडतं. काच सडत नाही, एकदाच काय ती फुटते आणि मोकळी होते. घराबद्दल म्हणते, ज्याला छप्पर नाही त्याची हाडं थंडी मोजून मोडते, म्हणून झाडावर आधी घर टांगा, बाकी नटवानटवी मागून. एवढं बोलून ती वस्तू कापसात अशी अलगद ठेवते, जणू बाळच झोपलंय.

अंबराचं तर विचारूच नका. मधासारखा पिवळा, आरपार दिसणारा खडा. गार काचेसारखा नाही, हातात घेतला की उबदार लागतो. लोकरीवर घासला की गवताची काडी, कागदाचा कपटा टपकन ओढून घेतो. जुन्या लोकांनी त्याला तृणमणी म्हटलं ते त्यामुळेच. मावशी त्याला झाडाची खपली म्हणते.

"झाडाला कुऱ्हाड लागली, नाही तर किड्याने पोखरलं. जखमेतून चीक वाहिला. ही मुंगी चाटायला आली आणि जिवंत गाडली गेली. ओरडली असेल, पण मुंगीचं कोण ऐकतं? आता लाखो वर्षं झाली, आणि तुम्ही ती गळ्यात घालून लग्नाला जाणार." मग एकदम लाडात येऊन, "कित्ती खुलून दिसेल तुम्हाला!"

बाई माळ घेऊनच जाते. आजवर एकही बाई मुंगी ऐकून परत फिरलेली मी पाहिली नाही.

मावशीचा स्वभाव कळावा म्हणून एकच सांगते. एका झकपक माणसाने तिची पाठ वळलेली पाहून एक काचेचं बोंड पँटच्या मागच्या खिशात सरकवलं. तिने आरशातून पाहिलं. स्टूल पुढे केलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "उभे का? बसा ना, भाऊ. तुम्ही बसल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही." तो म्हणतो नको, ती म्हणते बसा. तो म्हणतो घाई आहे, ती म्हणते माझ्या गळ्याची शपथ. शेवटी बसला. त्याचा तो आवाज मला अजून नीट जमत नाही. सुरुवात बैलासारखी आहे आणि शेवट शिट्टीसारखा.

तर अशी ही बाई. आणि तिचा दीर, तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, त्याला गल्लीत हत्तीवाले म्हणतात. पुढच्या भागात गल्ल्यावर बसून माल विकणं त्याचं काम. मागच्या टेबलाशी बसून दुरुस्ती करणं आणि माळा गुंफणं मावशीचं. हत्तीवाले नाव पडलं ते त्याच्या बोलण्यावरून. आवाज जाड, नाकातला, गालात लाडू ठेवल्यासारखा: "हत्ती बांधा, बरं का, या माळेला हत्ती! हत्ती थकेल, माळ तुटायची नाही. तुटली तर ही मान कापा, बरं का!"

हे तो वर्षानुवर्षं सांगतोय. आणि मागे बसलेल्या मावशीला ते ऐकून दर वेळी ठसका लागतो.

कारण मावशीची माळ मुद्दाम तुटणारी असते. तिच्या सासऱ्यांनी, ज्यांना ती मामंजी म्हणते, तिला हे काम शिकवलं. रेशमाच्या पक्क्या दोऱ्यात मणी ओवायचे, प्रत्येक मण्यानंतर गाठ, म्हणजे मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि तुटलं तरी सगळे सांडत नाहीत. पण अगदी शेवटी, हुकाजवळ, रेशीम थांबवायचं आणि साध्या शिवणाच्या दोऱ्याचा एकच वेढा द्यायचा. कच्चा. मामंजींच्या बहिणीची माळ एका यंत्राच्या पट्ट्यात अडकली होती. ती माळ तारेत ओवलेली होती. तुटली नाही. बहीण तुटली. तेव्हापासून त्या टेबलावर एकच नियम: माळ आधी जायला हवी, मान नंतर.

हत्तीवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. टेबलाशी ते आयुष्यात बसले नाहीत, आणि स्वतःची जाहिरात रोज ऐकून ऐकून त्यांचा तिच्यावर पुरता विश्वास बसला होता.

आता भांडण काय होतं ते. मावशीचा नवरा छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा मामंजी अंथरुणाला खिळलेले होते. सगळ्या घरासमोर त्यांनी सांगितलं, "टेबल दोघांत कापून मिळणार नाही. ज्याचा हात चालेल त्याचं टेबल." आणि हात चालतो हे ठरवायची रीतही लावून दिली. नाताळच्या आधी दुकानातलं मोठं कपाट सजवून उघडतात, गिऱ्हाइकं जमतात; त्या दिवशी स्वतः गुंफलेली नवी माळ गळ्यात घालून जो टेबलाशी बसेल, ते टेबल आणि ती मागची खोली त्याची. एक वर्ष जरी चुकलं तरी उठायचं.

दिराने तेव्हा हसत हसत मान डोलावली होती. "वहिनींना सुईत दोरा ओवायला शेजारीण लागते, बरं का!" त्याला वाटलं, पहिल्याच वर्षी टेबल रिकामं होईल. पण मावशी मामंजींच्या अंथरुणाशी बसून काम शिकली, तिने बोटं भाजून घेतली, कापून घेतली, नखं उपटून घेतली, आणि दर वर्षी कपाट उघडताना तिच्या गळ्यात नवी माळ. ती राहायचीही त्याच मागच्या खोलीत. टेबल गेलं तर तिचं छप्परच गेलं. दिराला तिथे नवीन काउंटर टाकून प्लॅस्टिकचे चेंडू आणि प्लॅस्टिकचं अंबर विकायचं होतं.

भांडताना दोघं एकमेकांना कधी अरेतुरे करत नसत. ते ऐकण्यासाठी मी घड्या घालायचं सोडून द्यायची.

"वहिनी, उठता की टाळकं फोडू?"

"फोडा ना भावजी. पण आधी दात मोजून ठेवा, मागून हिशेब लागायचा नाही."

"तुमची चामडी सोलून खिडकीला पडदा करीन, बरं का."

"करा की. तुम्हाला उजेड तसाही सोसत नाही."

आई म्हणायची, "काय मेली गोड बोलतात!" आणि कॉलरवर पाणी शिंपडायची.

मग एकदा गोड बोलणं संपलं. कपाट उघडायला थोडेच आठवडे होते. मावशी रेशमाचं रीळ घ्यायला टेबलाच्या खणात हात घालून शोधत होती. मी फटीला डोळा लावला नव्हता, कानच होता; कोणी काय केलं ते मागून मावशीकडून ऐकलं. पावलं आली. दीर म्हणाला, "सापडतंय का, वहिनी?" आणि त्याने गुडघ्याने खण आत ढकलला, सगळं वजन टाकून. आवाज आला तो खाटकाच्या दुकानात कोंबडीची तंगडी मोडतात तसा. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.

मावशी ओरडली नाही.

"अरेरे," दीर म्हणाला, "लागलं का हो?"

"लागलं ना, भावजी."

"उजवाच का?"

"उजवाच."

"च्‌ च्‌. आता माळ कशी व्हायची?"

"तेच बघतेय," मावशी म्हणाली, आणि लगेच जो आवाज आला तो मात्र दिराचा होता. डाव्या हाताने तिने चिमटा उचलून त्याच्या मांडीत खुपसला होता, मुठीपर्यंत नाही, पण पँट शिवायला टाकावी लागेल इतका. तो लंगडत, स्टुलं-खुर्च्या पाडत बाहेर गेला. आम्ही धावलो तेव्हा मावशी खणातून हात सोडवत होती. दोन बोटं भलत्याच दिशेला बघत होती.

आई म्हणाली, "चला पोलिसांत. आत्ताच्या आत्ता."

"तिथं बाकड्यावर बसले की इथलं टेबल रिकामं," मावशी म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. "त्याला तेच हवंय. आधी हाड बसवून घेते, मग इथेच बसते. ए पोपटे, रडतेस काय? ते रीळ दे इकडे."

पोपटे म्हणजे मी. नकला करते म्हणून.

उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आलं. दीर रोज लंगडत येऊन दारातून डोकवायचा, "कसं काय, वहिनी? हात चालतोय का?" आणि लाडू चघळल्यासारखा हसायचा. मावशीने मागच्या खोलीला पडदा लावून टाकला. पडद्याआड काय चाललंय ते त्याला दिसायचं नाही. मला ऐकू यायचं, आणि फटीला डोळा लावला की दिसायचंही.

तिने टेबलाच्या कडेला खिळा ठोकून घेतला होता. रेशमाचं एक टोक खिळ्याला, दुसरं दातात, डाव्या हातात चिमटा. गाठ ओढायची ती मान मागे झटकून. मणी सुटला की टकटकटक करत फरशीवर, मग मावशीची शिवी. शिव्या मी इथे लिहीत नाही, आई वाचते. पण प्रत्येक शिवीत दिराचा एकेक अवयव असायचा, आणि सुरुवातीला त्याचे अवयव अपुरे पडले. डाव्या हाताची बोटं चिमट्यात सापडून निळी झाली. दोऱ्याने ओठाची कड चिरली. एका संध्याकाळी ती आईशी बोलायला आली तेव्हा हनुवटीवर रक्ताची रेघ वाळलेली होती आणि तिला पत्ताच नव्हता. हळूहळू टकटक कमी झाली. शिव्यांमधलं अंतर वाढलं. गाठ बसली की ती नाकातून "हं" करते. ते "हं" एकामागून एक येऊ लागले.

कपाट उघडायच्या दिवशी सकाळपासून दुकान भरलं होतं. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी, आत फळ्याफळ्यांवर पक्षी, घरं, घोस, सगळ्यात खाली माशांची रांग. दिव्यात ते असं चमकत होतं की मोठी माणसंही हळू बोलत होती. सलूनवाले काका हातात कात्री घेऊनच आले होते. आई आणि मी दाराशी.

पडदा सरला. मावशी प्लास्टरचा हात छातीशी धरून बाहेर आली आणि टेबलाशी बसली. गळ्यात अंबराची माळ. मणी एकसारखे, गाठी एकसारख्या. मधोमध मुंगीवाला मणी.

हत्तीवाल्यांनी एकेक गाठ डोळ्यांनी तपासली. मग त्यांनी गिऱ्हाइकांकडे वळून म्हटलं, "ही माळ यांच्या हातची नाही, बरं का. मोडक्या हाताने गाठ बसते का कुठे? बाहेरून करून आणलीय. वहिनी, उठा."

"बसा भावजी," मावशी म्हणाली. "तुमच्यासमोर दोन गाठी मारून दाखवते. मग बोला."

"उठा म्हणतो ना!"

"बघायची भीती वाटते का?"

बघायची भीती वाटतच होती. गाठ बसली असती तर सगळ्यांदेखत संपलं असतं. तो टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आला, पाठ कपाटाकडे. त्याने ती माळ मुठीत धरली, पीळ दिला, आणि कुत्र्याला साखळीने ओढावं तसं सगळं अंग मागे टाकून तिला खुर्चीवरून ओढलं. हत्ती थकेल पण माळ तुटणार नाही, असं त्याला खरंच वाटत होतं.

मावशीची मान पुढे आली, डोळे बाहेर आले, आणि टप्‌. शिवणाच्या दोऱ्याचा तो एक वेढा.

पुढे जे झालं ते फार वेळ चालल्यासारखं आठवतं. दीर माळ हातात घेऊन उलटा धावला. दोन पावलं, तीन पावलं, हात हवेत, चेहऱ्यावर कोणीतरी फसवल्याचा भाव. आणि मग कपाटात गेला. पाठीने. सगळ्या फळ्यांतून, वरपासून खालपर्यंत, बसत बसत. तो आवाज मोठा नव्हता. पातळ काचेचा होता, कोणीतरी गोठलेल्या डबक्यावरून पळत गेल्यासारखा, आणि त्यात मधेच त्याचं "आई गं".

तो खाली बसला तेव्हा डोक्यावर एक पक्षी तेवढा चिमट्याने केसांत अडकला होता. अख्खा. मुठीत माळ होती, तीही अख्खी. एक मणी सांडला नव्हता.

मावशी गळ्यावरचा लाल वळ चोळत उठली. आधी कपाटाकडे पाहिलं. "मासे गेले," ती म्हणाली. "सगळे." मग दिराकडे पाहिलं. त्याच्या शर्टाची पाठ लाल होत चालली होती, आणि लाल रंगात चांदी चमचमत होती.

"भावजी, हलू नका. प्रत्येक हालचालीला ती आत जाते. पोपटे, दिवा धर. इस्त्रीवाल्या ताई, गरम पाणी आणा. सलूनवाले, शर्ट कापा, कात्री आणलीच आहे तर."

त्याला टेबलावर पालथं घातलं. त्याच टेबलावर. सलूनवाल्यांनी कचकच शर्ट उघडला आणि पाठ पाहून ते स्वतःच खाली बसले. मावशीने चष्मा चढवला, डाव्या हातात चिमटा घेतला, वाफेवर धरला, आणि पहिला तुकडा पकडला. हात जराही हलत नव्हता.

"हा पक्ष्याचा पंख," ती म्हणाली आणि उपसला.

दीर बोंबलला.

"हे द्राक्ष. अजून एक द्राक्ष. भावजी, हात चालतोय का हो माझा?"

"वहिनी, हळू!"

"हळूच करतेय. घाई केली तर टोक आत मोडतं. हे घराचं छप्पर दिसतंय. खोल गेलंय बाई. भावजी, टेबल कोणाचं?"

"अहो, आधी काढा!"

"काढते ना. टेबल कोणाचं?" चिमटा छपराला धरून ती थांबली. ओढलं नाही, सोडलंही नाही.

"तुमचं! तुमचं! आईशपथ तुमचं!"

छप्पर निघालं. वाटीत टण्‌कन पडलं. गिऱ्हाइकांतली एक बाई भिंतीला टेकली. दुसरी मात्र पुढे सरकून म्हणाली, "ती मुंगीची माळ विकायची आहे का?"

असं ते बराच वेळ चाललं. मी दिवा धरला होता आणि त्याच्या प्रत्येक बोंबेचा सूर मनात टिपून घेत होते. कधी वरचा, कधी दबका, एक तर चक्क गाण्यासारखा. शेवटी मावशी म्हणाली, "खांद्याच्या हाडाखाली एक बारीक राहिलाय बहुतेक. सुजलंय, आज दिसत नाही. सूज उतरली की या." पण तो उठला, मी टेबलावर अंथरायला आणलेली, आमच्याकडे इस्त्रीला आलेली कोणाची तरी चादर अंगाला गुंडाळली आणि दारातून ओरडला, "चिमटा टोचून वदवून घेतलंत! ते धरत नाही मी! टेबल माझंच, बरं का! आणि या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवला तर नाव बदलीन."

चादर परत आली नाही. आई अजून त्याच्यावर नाही, माझ्यावर चिडते.

लोक पांगल्यावर मावशी फरशीवर बसून काच गोळा करत होती. मी म्हटलं, "मावशी, पण तो म्हणतोय ते बरोबर आहे. चिमटा लागला की कोणीही काहीही म्हणेल. आपणहून तो कधीच टेबल तुमचं म्हणणार नाही."

"म्हणेल."

"शक्यच नाही. तो आवाज मी रोज काढते, मला माहितीय त्यातून काय निघतं आणि काय नाही."

"लाव पैज," ती म्हणाली. "आपणहून म्हणेल, चिमटा हातात नसताना. नाही म्हणाला तर तो मुंगीचा मणी तुझा. म्हणाला तर मी सांगेन ते काम करायचं, तोंड न वाकडं करता."

मी लगेच हात पुढे केला. तिने डावा दिला.

तिचं प्लास्टर निघायच्या आतच एका सकाळी दारात सावली पडली. हत्तीवाले आडवे आडवे आत आले, खेकड्यासारखे. त्यांना पाठ टेकून झोपता येत नव्हतं, खुर्चीत बसता येत नव्हतं. डॉक्टरकडे जायचं तर डॉक्टर विचारणार, एवढी काच गेली कशी, आणि विधवा वहिनीला माळेने ओढलं हे सांगायला जीभ वळत नव्हती. मावशी चहा पीत होती. चिमटा भिंतीवर टांगलेला.

ते टेबलाच्या कडेपर्यंत सरकले, डोळे छताकडे. मग तो जाड आवाज आला, पण त्यातला लाडू विरघळलेला.

"वहिनी... तुमच्या टेबलावर जरा पडू का?"

मावशीने कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावरून.

"कोणाच्या, भावजी?"

"तुमच्या हो. तुमच्या टेबलावर. आता लाज काढू नका, फार ठणकतंय."

"या ना, पडा. पोपटे, इकडे ये. हरलीस. यांचे पाय धर."

मी पाय धरले. नुसते धरून भागत नाही, त्यावर बसावं लागतं, हे मला पहिल्या लाथेनंतर कळलं. ती हनुवटीवर बसली आणि जीभ दातात आली.

"घट्ट धर गं," मावशी म्हणाली, "घोडा लाथाळ आहे."

"वहिनी, मला ऐकू येतंय."

"येऊ दे ना, भावजी. कान तेवढे शाबूत आहेत अजून तुमचे."

आणि तिने चिमटा आत घातला.